परतीला गाडी कोण चालवत होतं

त्या दुपारी परतीला गाडी मी चालवत होतो. हे एक वाक्य सांगायला मला पंचवीसहून जास्त वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. बाकीचं सावकाश सांगतो. आता माझं सगळंच सावकाश चालतं.

आम्ही दोघं मित्र कोलशेतच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी तपासणी विभागात, तो लेथवर. दोघंही डोंबिवली पूर्वेला दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायचो. मी मोटरसायकल घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचा नियम ठरला: जाताना मी चालवायची, येताना त्याने. मला पहाटे आपोआप जाग यायची आणि त्याला दुपारच्या जेवणानंतरही कधी झोप यायची नाही, इतकं साधं कारण. हेल्मेट दोघांत एकच होतं. ज्याच्या हातात हँडल त्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागच्याच्या मांडीवर दोघांचे डबे. कळवा, मुंब्रा, शीळफाटा असा रस्ता. सात-आठ वर्षांत हा क्रम बदलला नाही. गेटवरचा वॉचमनसुद्धा दुपारी मला एकट्याला पाहून विचारायचा, "तुमचा परतीचा ड्रायव्हर कुठाय?"

क्रम बदलला तो एकदाच. त्या दिवशी कारखान्यात रक्तदान शिबिर होतं. कँटीनमधली टेबलं हलवून खाटा टाकल्या होत्या. त्याने रक्त दिलं. मी सुईला घाबरतो, मी दिलं नाही. पाळी सुटल्यावर तो गाडीपाशी आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आज तू घे रे. जरा गरगरतंय."

"बाटलीभर रक्त काढलं तर गरगरतंय होय!" मी म्हटलं.

"तू ते पण दिलं नाहीस. चल, निघ आता."

हेल्मेट मी घातलं, डबे त्याने घेतले. टीव्हीवर त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि शेवटची काही षटकं तरी मिळावीत म्हणून मी गाडी दामटत होतो. दुसरं कोणतंही कारण नव्हतं. शीळफाट्याच्या अलीकडे एक टँकर रस्ता अडवून चालला होता. तो उजवीकडे वाट देईना म्हणून मी डाव्या बाजूने घुसलो. तिथे खडी पसरलेली होती. मागून तो ओरडला, "अरे, नको!" माझं पुढचं चाक सरकलं तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, एवढं मला स्पष्ट आठवतं.

मी उठून बसलो तेव्हा माझा उजवा हात वर होत नव्हता. तो चार-पाच हात पलीकडे कुशीवर पडला होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. मी डाव्या हाताने हेल्मेट काढलं, त्याच्याकडे गेलो आणि हेल्मेट त्याच्या डोक्याशेजारी ठेवलं. मग माणसं धावत आली. मी ते तिथे का ठेवलं? हात मोकळा करायला ठेवलं असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. तसं असेलही. पण ते माझ्या शेजारी न ठेवता त्याच्या शेजारी का ठेवलं, याचं उत्तर मला देता येत नाही.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला दोघांना डोंबिवलीत आणलं. तासाभरात कारखान्यातली माणसं रुग्णालयात जमली. मला कोणी काही विचारण्याआधीच सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. परतीला म्हणजे तो चालवत असणार. रस्त्यावर त्याच्याजवळ हेल्मेट सापडलं, म्हणजे तोच. "रक्त देऊन वर गाडी चालवली? अक्कल गहाण टाकली होती का?" आमचा सुपरवायझर म्हणाला. हवालदार वही घेऊन आला आणि त्याने विचारलं, "चालक कोण?" दोघा-तिघांनी एकदमच त्याचं नाव सांगितलं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं.

मी होकारार्थी मान डोलावली.

तो शुद्धीवर आला की स्वतःच सांगेल, तोवर राहू दे, असं मनात म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. रक्त दिल्यानंतर मिळालेला चहा आणि बिस्किटं इथपर्यंतचं त्याला आठवत होतं. पुढचं सगळं कोरं. त्याने बायकोला विचारलं, "मी चालवत होतो?"

"मग कोण? परतीला तुम्हीच असता ना?" वहिनी म्हणाल्या.

त्याने माझ्या खांद्याच्या बँडेजकडे पाहिलं आणि तो रडायला लागला. "तुझी पोरगी एवढीशी आहे रे, आणि मी तुला आडवं केलं," असं म्हणत राहिला. मी पलंगाशी उभा होतो. मी म्हणालो, "जाऊ दे. झालं ते झालं."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

त्याचा डावा कान गेला. बरेच महिने त्याला एकाचे दोन दिसायचे, म्हणून लेथवरून काढून त्याला स्टोअरमध्ये बसवलं. लेथवर त्याचा हात असा होता की नव्या कारागिरांना त्याच्या शेजारी उभं करायचे. स्टोअरमध्ये तो नटबोल्ट मोजून देऊ लागला. कारखान्यात त्याचं नाव 'ब्लड बँक' पडलं. कोणी शिंकलं तरी म्हणायचे, "ब्लड बँकेला विचारा, गाडी चालवू का." तोही हसायचा. मी त्या टेबलावर बसून डबा खात असायचो. एकदाही मी म्हणालो नाही की अरे, शहाणपणा त्यानेच केला होता. गरगरतंय म्हणून त्याने किल्ली देऊन टाकली होती.

मी गाडी विकली. बायको घाबरते, असं सर्वांना सांगितलं. त्यानेही पुन्हा हँडलला हात लावला नाही, आणि त्याची मुलगी कॉलेजात गेल्यावर तिने स्कूटर मागितली तेव्हा ठाम नाही म्हणाला. ती पाच वर्षं बसने गेली. माझी गाडी विकली गेली, पण हेल्मेट वहिनींनी मागून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, पट्टा नीट लावला नव्हता म्हणून ते शेवटी निसटलं, पण पहिला दणका त्यानेच झेलला, म्हणून कुंकू राहिलं. दर दसऱ्याला घरातली हत्यारं, विळी, कात्री, त्याची जुनी मोजपट्टी पाटावर मांडली जायची, तेव्हा मध्ये ते ओरखडे पडलेलं हेल्मेट असायचं. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला जायचो. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, नमस्कार करा त्याला. तुमच्या मित्राला यानेच परत आणलंय." मी नमस्कार करायचो. मग मला बासुंदी वाढायच्या.

निवृत्तीनंतर त्याने खडवलीला नदीच्या बाजूला लहानसं घर बांधलं आणि ते दोघं तिकडे राहायला गेले. दसऱ्याला मी जातच राहिलो. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्या असेपर्यंत त्यांच्यासमोर बोलायचं धाडस नव्हतं. गेल्यावर कळलं की ज्या दोघांना सांगायचं होतं त्यांतलं एक माणूस कमी झालं.

मी पुन्हा मोटरसायकलवर बसलो ते कोणत्याही हौसेने नाही. कोलशेतला माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाने छोटं वर्कशॉप टाकलं आहे. आठवड्यातून तीन दिवस येऊन माल तपासून द्या म्हणाला. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून मी हो म्हटलं. दोन महिने बस, रिक्षा, पुन्हा रिक्षा असं केलं आणि गुडघे बोलायला लागले. जावयाने मोटार घेतल्यापासून त्याची मोटरसायकल आमच्या इमारतीखाली धूळ खात उभी होती. एका रविवारी मी ती पुसली.

"या वयात?" बायको गॅलरीतून म्हणाली. "शेजारचे काय म्हणतील?"

शेजारचे म्हणाले, "काका, शर्यतीला का?"

किक मारायला पाय उचलला आणि लक्षात आलं की आता बटण असतं. गियर मात्र पायाला पाठ होते. पहिल्या गतिरोधकाजवळ पुढचा ब्रेक दाबला आणि उजवा हात आखडला. शरीराला सगळं आठवत होतं. खडीवर चाक सरकतं तेव्हा हँडल हातात कसं हलकं होतं, तेसुद्धा. मागे बसणाऱ्याला ते कळत नाही. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ उभा राहिलो.

तरीही चालवत राहिलो. आता डोंबिवलीहून जुन्या रस्त्याने जावं लागत नाही. मोठागावचा पूल झाल्यापासून खाडी ओलांडली की माणकोली, मग महामार्गाने ठाण्याकडे, माजिवड्याहून कोलशेत. अंतर कमी झालं, पण माझ्यासाठी ते लांबच आहे. भिवंडीच्या गोदामांचे ट्रेलर अंगावरून जातात. धूळ दाढीत बसते. घरी पोचल्यावर पाठ सरळ व्हायला अर्धा तास लागतो. पण हेल्मेटच्या आत माणूस एकटा असतो. जाताना आणि येताना मी मोठ्याने एकच वाक्य म्हणून बघायचो: "त्या दिवशी मी चालवत होतो." माणकोलीला महामार्गावर पाटी आहे, एक बाण ठाणे, एक बाण नाशिक. नाशिककडे गेलं की पडघ्याहून खडवलीला फाटा फुटतो. मी दर वेळी ठाण्याकडे वळायचो.

मग कोणीतरी त्याला सांगितलं. त्याचा फोन आला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो फोनवर ओरडतो.

"अरे, वेड लागलंय का तुला? गाडी चालवतोस म्हणे!"

"हळू चालवतो."

"हळूच चालवत असेन मीपण! एकदा मी तुला मारला असता, आता तू स्वतः मरायला निघालायस. मला झोप नाही लागत."

त्याला झोप लागत नव्हती. हे ऐकल्यावर मग मलाही लागेना.

गेल्या दसऱ्याला मी माणकोलीहून उजवीकडे, नाशिकच्या बाजूला वळलो. पडघ्यापर्यंत पोचेतो कंबरेचं लाकूड झालं होतं. त्याची मुलगी सणाला कल्याणहून आली होती. तिनेच दार उघडलं. गाडी पाहून म्हणाली, "काका, तुम्ही खरंच गाडीवर आलात? बाबा आता तुम्हाला सोडणार नाहीत."

बाबा पाटासमोर खुर्चीवर बसले होते. मुलीने आईसारखीच मांडणी केली होती. विळी, कात्री, मोजपट्टी, मध्ये हेल्मेट. मी पानं दिली, त्याने मिठी मारली. मग माझं हेल्मेट हातात घेऊन बोटाने वाजवून पाहिलं.

"हे जावयाचं? हे प्लास्टिक आहे नुसतं." तो उठला, पाटावरचं हेल्मेट उचललं, त्यावरचं फूल काढून बाजूला ठेवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. "चालवायचं सोडणार नाहीस ना? मग हे घालून जा. याने मला वाचवलंय. आता तुला होऊ दे."

मी ते हातात घेतलं नाही.

"हे त्या दिवशी तुझ्या डोक्यावर नव्हतं," मी म्हटलं.

"काय?" त्याने उजवा कान पुढे केला. "मोठ्याने बोल. डावा गेलाय, माहितीय ना तुला."

इतके महिने पाठ केलेलं वाक्य मला ओरडून सांगावं लागलं. "हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं! मी चालवत होतो! तू मागे होतास!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मुलगी पळी हातात घेऊनच बाहेर आली.

तो खाली बसला. हेल्मेट मांडीवर. मी सगळं सांगितलं, टँकर, खडी, सामना, हवालदार. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "मग मी रक्त देऊन गाडी चालवली नव्हती?"

"नाही. तू मला किल्ली दिलीस. म्हणालास, आज तू घे रे, जरा गरगरतंय."

"मी म्हणालो?"

"तू म्हणालास."

"मी म्हणालो," तो स्वतःशीच म्हणाला. क्षणभर त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, संपलं, सुटलो. मग तो भिंतीकडे, वहिनींच्या फोटोकडे वळला. "ती मरेपर्यंत म्हणत होती, यांना स्वतःचं कळत नाही म्हणून घरातला एकही निर्णय यांच्यावर सोडायचा नाही. कान त्यामुळे गेला, लेथ त्यामुळे गेलं, असं. मी ऐकून घ्यायचो. म्हटलं, खरंच आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू इथे जेवायचास रे. दर दसऱ्याला. तिच्या हातचं."

"काका," मुलगी म्हणाली, "हेल्मेट बाबांजवळ कोणी ठेवलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"मला माहीत नाही गं."

"माहीत नाही कसं असेल?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आई त्याला हळदकुंकू लावायची, काका."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफबिफ मला आज जमणार नाही. तू एक कर. कारखान्यातले जे जे उरलेत त्यांना जाऊन सांग. मी रक्त देऊन गाडी चालवणारा मूर्ख नव्हतो, एवढं सांग. तुझं तू काय सांगायचं ते सांग." आणि मग, मी दारात चपला घालत असताना, "तुझ्या घरी वहिनींना ठाऊक आहे?"

"नाही."

"त्यांनाही सांग."

"पुन्हा येऊ का?" मी विचारलं.

"ये की."

"गाडीवर येऊ?"

"कशावरही ये," तो म्हणाला. "मला काय त्याचं."

पंचवीस वर्षं माझ्या खांद्याची, माझ्या येण्याजाण्याची काळजी करणारा हा एकच माणूस होता. ती काळजी माझी नव्हतीच, मी ती खोटं बोलून घेतली होती. पण ती गेली हे पडघ्याच्या रस्त्यावर मला फार जाणवलं. गाडी मी पूर्ण वेळ तिसऱ्या गियरमध्ये आणली.

उरलेले चारच होते. एक कल्याणला, एक कळव्याला, दोघं आमच्याच बाजूचे. कामाच्या दिवशी परतताना एकेकाकडे वाट वाकडी करून गेलो. कल्याणचा म्हणाला, "तू असशील नाहीतर तो असेल, आता कोणाला पडलीय?" कळव्याच्याने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, चहा दिला आणि निघताना विचारलं, "बरं, ती आपली ब्लड बँक कशी आहे? अजून गाडी चालवते का?" मी पुन्हा पायऱ्या चढून गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा ठरवलं की हे लिहून ठेवायला हवं. तोंडाने सांगितलेलं लोकांना जुन्या गोष्टीएवढं आवडत नाही.

बायकोला सांगायला सर्वांत उशीर केला. एका संध्याकाळी कोलशेतहून आलो, तोंड धुतलं आणि ती भाजी निवडत होती तिथेच खाली बसलो. गुडघे दुखत होते तरी खालीच बसलो. सांगून झाल्यावर ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली.

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली, "रुग्णालयात मी त्याच्या बायकोला काय बोलले होते?"

"थोडंफार."

"थोडंफार नाही. तिचा नवरा बेशुद्ध होता आणि मी तिला म्हटलं, तुझ्या माणसामुळे माझी पोर पोरकी झाली असती. ती माझ्या पाया पडली होती हो. सगळ्यांसमोर." तिने परात बाजूला सरकवली. "मी पडू दिलं. पुढे कधी तिच्या घरी गेले नाही. हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तुम्ही एकटेच जात होतात आणि मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा आहे माझा नवरा."

मी सांडलेल्या काड्या गोळा करायला लागलो.

"आता मी कोणाच्या पाया पडू?"

तिने पदराला हात पुसले आणि माझ्या फोनमधून त्याच्या मुलीचा नंबर शोधायला सांगितलं. मी चष्मा शोधेपर्यंत तिनेच तो शोधला. फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. आधी ती उभी होती, मग कठड्याला टेकली, मग तिथल्या स्टुलावर बसली. अधूनमधून शब्द ऐकू येत होते. "नाही गं... तुझी आई काहीच बोलली नव्हती... मीच... हो, मीच."

अर्ध्या तासाने ती आत आली, परात उचलली आणि मेथी धुवायला घेतली. मुलगी काय म्हणाली ते तिने मला सांगितलं नाही, आणि विचारण्याचा मला हक्क नाही म्हणून मीही विचारलेलं नाही.